बॅचमध्ये मी एकटीच

या वेळच्या टपालात पीएचडीबद्दलची तीन पत्रं आली आहेत. एक विद्यार्थिनीचं, एक गाईडचं आणि एक बापाचं. तिघांनी वेगवेगळं विचारलंय, पण दुखणं एकच आहे, म्हणून सगळी जागा त्यांनाच देते. केसगळती आणि सोसायटीच्या भांडणांची पत्रं पुढच्या महिन्यात.

प्रश्न : मॅडम, सादर नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातली. फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाल्यावर जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली आणि गेल्या जुलैत एका संस्थेत पीएचडीला लागले. आमच्या बॅचमध्ये नऊ जण आहेत, त्यात मुलगी मी एकटी. कुणी त्रास देत नाही, हे आधीच सांगते. पण मुलं सगळी एकाच होस्टेलला. रात्री एक वाजता टपरीवर चहा पिताना असाइनमेंटची चर्चा होते, कुठल्या सरांना काय आवडतं, क्ष-किरणांनी नमुने तपासायच्या एक्सआरडी यंत्राचा स्लॉट कुणाला सांगून लवकर मिळतो, सगळं तिथंच ठरतं. मला दुसऱ्या दिवशी कळतं, कधी कळतच नाही. विभागात कार्यक्रम असला की सूत्रसंचालन माझ्याकडे आणि रांगोळीही माझ्याकडेच. संशोधन सल्लागार समितीच्या (आरएसी) पहिल्या मीटिंगमध्ये माझं प्रेझेंटेशन झाल्यावर एका सरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘लग्नाचं काय ठरलंय?’ कोर्सवर्कला मी बॅचमध्ये दुसरी आले. तरी रोज सकाळी उठलं की वाटतं, सोडून द्यावं. दादा म्हणतो, मार्क चांगले पडतायत, मग अडचण कसली? मला त्याला नीट सांगताच येत नाही. माझीच कुवत कमी आहे का?

उत्तर : अगं, दुसरी येऊन कुवत कमी, तर बाकीच्या सात जणांनी काय करावं?

तुझ्या दादाला मार्क दिसतात, कारण ते कागदावर असतात. टपरीवरचा चहा कागदावर नसतो. म्हणून तुला सांगता येत नाही आणि त्याला कळत नाही. पण नेमकी हीच गोष्ट दोन अर्थशास्त्रज्ञांनी मोजून पाहिली आहे. व्हॅलेरी बॉस्टविक आणि ब्रूस वाइनबर्ग ही त्यांची नावं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांत पीएचडीला आलेल्या मुलामुलींच्या नोंदी त्यांनी तपासल्या. २०१८ साली तो निबंध पहिल्यांदा बाहेर आला.

त्यांची युक्ती मला फार आवडली. दोन वेगळ्या विषयांची तुलना केली तर भांडणं लागतात. बायॉलॉजीत मुली जास्त आणि फिजिक्समध्ये कमी, मग फरक मुलींमुळे की विषयामुळे? त्यांनी तसं केलंच नाही. विभाग तोच, प्राध्यापक तेच, अभ्यासक्रम तोच. फक्त एका वर्षी बॅचमध्ये पाच मुली येतात, दुसऱ्या वर्षी एकच येते. हे कुणी ठरवून केलेलं नसतं. कुणाला दुसरीकडून पत्र आलं, कुणाचं लग्न ठरलं, अशी शंभर कारणं. थोडक्यात, फासे पडावेत तसं. अशा एकाच विभागातल्या वेगवेगळ्या वर्षांच्या बॅचेस त्यांनी एकमेकींशेजारी ठेवल्या.

जिला बॅचमध्ये दुसरी एकही मुलगी सोबतीला नव्हती, तिची सहा वर्षांत पीएचडी पुरी करण्याची शक्यता बरोबरच्या मुलांपेक्षा ११.९ टक्क्यांनी खाली होती. समजा शंभरातली साठ मुलं वेळेत पुरं करत असतील, तर तशा मुली अठ्ठेचाळीस. बॅचमधलं मुलींचं प्रमाण वर्षागणिक साधारण जितकं खालीवर होतं, तितकं ते वाढलं की वेळेत पुरं करण्याच्या शक्यतेत मुलींच्या बाजूने ४.६ टक्क्यांचा फरक पडायचा. आणि ही ओढाताण सगळ्यात जास्त कुठे, तर जिथे मुळातच मुलांचा भरणा असतो अशा विभागांत. म्हणजे तुझ्यासारख्या.

आता दादाला वाचून दाखव असा भाग. हा फरक मुख्यतः पडला तो पहिल्याच वर्षात सोडून जाण्यामुळे. या मुली चौथ्या वर्षी प्रबंध लिहिताना थकल्या नाहीत, त्या सुरुवातीलाच निघून गेल्या. मार्कांनी त्यातलं फार थोडं उलगडतं. प्रवेश मिळवताना त्या कमी नव्हत्या, आणि पुढच्या वर्षी त्याच दारातून आत आलेल्या तशाच मुली, सोबत मिळाली म्हणून टिकल्या. तेव्हा तुझ्या बॅचमध्ये दुसरी मुलगी नाही हा जुलैतला योगायोग आहे. त्याला तू स्वतःची परीक्षा समजून बसली आहेस.

मला हे आकडे वाचायच्या आधीच ठाऊक होतं, फक्त आकडा ठाऊक नव्हता. मी रसायनशास्त्रात पीएचडीला लागले तेव्हा आम्ही सात जण होतो आणि मी एकटी. संस्थेचं नाव सांगत नाही, तिथली माणसं वाईट नव्हती. बायकांचं स्वच्छतागृह पलीकडच्या इमारतीत होतं आणि आमच्या होस्टेलचं फाटक रात्री आठला बंद व्हायचं. मी नैसर्गिक पदार्थ वेगळे करायचे, म्हणजे दिवसभर सिलिका जेलचे कॉलम, म्हणजे काचेच्या उभ्या नळ्या, भरायचे आणि वरून ईथर हे द्रव ओतत बसायचं. एप्रिल उजाडला आणि माझे कॉलम फुटायला लागले. काच शाबूत, पण आतल्या सिलिकेत बुडबुडे धरायचे, भेग पडायची आणि आठवड्याचं काम मातीत. सिलिका चाळून पाहिली, ईथर पुन्हा शुद्ध करून पाहिलं, कॉलम बदलला. सहा आठवडे गेले. रडायचं ते पलीकडच्या इमारतीत जाऊन.

शेवटी मला वाट दाखवली ती वनस्पतिशास्त्रातल्या एका सीनियर मुलीने, त्याच पलीकडच्या इमारतीत, हात धुताना. तीही पानांतली रंगद्रव्यं वेगळी करण्यासाठी कॉलमच चालवायची. म्हणाली, ‘अगं, ईथर पस्तीस अंशांना उकळतं, आणि तुमच्या लॅबमध्ये पंखासुद्धा गरम वारा टाकतो. कॉलमला ओलं फडकं गुंडाळ.’ गुंडाळलं. झालं.

मी हे मोठ्या उत्साहाने आमच्या लॅबमध्ये सांगितलं तर एक जण सहज म्हणाला, ‘हो, ते तर करतातच की.’ सहाच्या सहा मुलांना ते माहीत होतं. एका सीनियरने रात्री मेसमध्ये केव्हातरी सांगितलं होतं. माझ्यापासून कुणी लपवलं नव्हतं, मला सांगायचं राहिलं आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मला आजही राग येतो तो याचाच. लपवलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

पीएचडीतलं निम्मं शिक्षण असं फडक्यासारखं असतं. पुस्तकात नसतं, गाईडला सांगायचं सुचत नाही, आणि सोबत्यांकडून आपोआप कानावर पडतं. तुझ्या टपरीवर तेच वाटलं जातंय. नऊ जणांच्या बॅचमध्ये आठ जणांना ते फुकट मिळतं आणि तुला प्रत्येक गोष्ट विचारून मिळवावी लागते. विचारणारी म्हटलं की ‘हिला येत नाही वाटतं’ असंही होतं. मग माणूस विचारणं कमी करतो. तुझं हे सुरू झालंय का, स्वतःशी खरं खरं बघ.

आता कुणीतरी तुला कमलाबाई सोहोनींची गोष्ट ऐकवेलच. १९३३ साली मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या कमला भागवतांना बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश नाकारला गेला, कारण त्या बाई होत्या. संचालक होते सर सी. व्ही. रामन. कमलाबाई हटल्या नाहीत, तेव्हा एक वर्ष पारखून बघू अशा अटीवर घेतलं. पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली, आणि विज्ञानात पीएचडी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून आपण त्यांचं नाव घेतो. दुर्गाबाई भागवतांची ही बहीण. हट्ट घरातलाच होता म्हणायचं. मला त्यांचा अपार आदर आहे. पण आपल्याकडे त्यांचं नाव घेतात ते बहुतेक वेळा पोरींना गप्प बसवायला. ‘त्यांनी त्या काळात केलं, तुला काय झालं?’ अगं, एक बाई त्या दारातून आत शिरली याचा अर्थ दार पुरेसं रुंद होतं असा होत नाही. आणि रामन यांच्या प्रयोगशाळेत पुढे ॲना मणींसारख्या मुली आल्याच, पण त्या आधी कुणीतरी एकटीने ते वर्ष काढलं म्हणून.

तू काय करायचं? बॅचमध्ये मुलगी येणार नाही, ते तुझ्या हातात नाही. पण ओहायोतली सोबत बॅचमध्ये होती म्हणून तुझी बॅचमध्येच हवी असं काही नाही. मला वनस्पतिशास्त्रातली मिळाली. तुझ्या इमारतीत केमिस्ट्री असेल, मटेरियल सायन्स असेल, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली एखादी असेल. तिला गाठ. ‘मैत्री करायचीय’ म्हणून जाऊ नकोस, दोघी अवघडाल. कामाचं काहीतरी घेऊन जा. ‘एक्सआरडीच्या ऑपरेटरला कधी गाठायचं?’ एवढा प्रश्न पुरतो. आठवड्यातला एक चहा ठरवून टाक, मंगळवार चार वाजता, आणि तो चुकवू नकोस.

दुसरं, त्या आठांतला एक तरी शहाणा असेल. त्याला सरळ सांग, ‘तुमचं रात्री जे ठरतं ते ग्रुपवर टाकत जा, मला कळत नाही.’ बहुतेकदा बिचाऱ्यांना खरंच सुचलेलं नसतं. रांगोळीचं मात्र या वर्षीच थांबव. ‘या वेळी सूत्रसंचालन तू कर’ असं एखाद्या मुलाचं नाव घेऊन मीटिंगमध्येच म्हण. हसतील, मग करतील.

लग्नाचा प्रश्न विचारणाऱ्या सरांना पुढच्या वेळी एवढंच म्हणायचं, ‘सर, स्लाइड सातबद्दल काही शंका आहे का?’ आणि तो प्रश्न पुन्हा आला तर तारीख घालून लिहून ठेव, गाईडच्या कानावर घाल. सांगूनही चालूच राहिलं किंवा त्याहून पुढे गेलं, तर अंतर्गत तक्रार समितीचं दार कायद्याने उघडं आहे.

निर्णय घ्यायचाच असेल तर पुढच्या जुलैनंतर घे. सकाळी उठल्या उठल्या तर मुळीच नको.

प्रश्न : मी एका महाविद्यालयात इंजिनिअरिंगचा मान्यताप्राप्त मार्गदर्शक आहे. आमच्या संशोधन केंद्रात वर्षाला एखाददुसरी मुलगी येते. निवड मी गुणांवरच करतो, वागणूक सगळ्यांना सारखी देतो. तरी मुली मध्येच सोडून जातात आणि कारण ‘घरगुती’ लिहून देतात. आता मी ठरवलंय की कोर्सवर्कच्या प्रोजेक्टचे गट करताना प्रत्येक गटात एक मुलगी द्यायची, म्हणजे समतोल राहील. आपलं मत?

उत्तर : सर, तुमचा हेतू चांगला आहे म्हणून स्पष्ट लिहिते. असं करू नका.

मुली तीन असतील आणि गट तीन, तर प्रत्येक गटात एकेक दिल्यावर समतोल दिसतो तो तुम्हाला, तक्त्यावर. मुलीला गटात बसल्यावर काय दिसतं? ती एकटी. म्हणजे बॅचमध्ये होती तितकी सोबतही तुम्ही वाटून टाकली. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट आवारात नीलांजना दासगुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रयोग करून २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनींना चौघांच्या गटात बसवलं. कुठे चौघांत एकच मुलगी, कुठे दोन, कुठे तीन. तीन मुली असलेल्या गटात त्या सगळ्यात मोकळेपणाने बोलल्या, एकटी असलेल्या गटात कमी. निम्म्या-निम्म्यानेही बोलण्याचं काम पुरतं भागलं नाही, हे मलाही अनपेक्षित होतं. पहिल्या वर्षाच्या मुलींना तर एकटं बसण्याची धास्ती जास्त. तेव्हा तिघींना एका गटात घाला आणि उरलेले दोन गट मुलांचे राहू द्या. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा.

दासगुप्तांचाच दुसरा अभ्यास २०१७ चा, तारा डेनेही यांच्याबरोबरचा. इंजिनिअरिंगला नव्याने आलेल्या १५० मुली घेतल्या. काहींना वरच्या वर्गातली मुलगी मार्गदर्शक म्हणून दिली, काहींना वरच्या वर्गातला मुलगा, काहींना कुणीच नाही. वर्ष संपलं तेव्हा मुलगी मार्गदर्शक असलेल्यांपैकी एकीनेही शाखा सोडली नव्हती. मुलगा मार्गदर्शक असलेल्यांतल्या १८ टक्के गेल्या होत्या, कुणीच नसलेल्यांतल्या ११ टक्के. ही पदवीची पोरं, पीएचडीची नव्हेत, हे ध्यानात ठेवू. पण यात मोठ्या प्राध्यापिका लागल्या नाहीत, एखाददोन वर्षांनी मोठी ताईच लागली. तुमच्याकडे मुली नसतील तर शेजारच्या केंद्रात असतील. कोर्सवर्कचे तास दोन केंद्रांचे एकत्र घ्यायला काय हरकत आहे? रिसर्च मेथडॉलॉजी तर सगळ्यांची सारखीच असते, आणि सारखीच कंटाळवाणी.

‘सगळ्यांना सारखी वागणूक’ याबद्दलही बोलायचं होतं. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांत पीएचडीला सहा वर्षं आहेत, आणि स्त्रियांना त्यावर दोन वर्षांची सवलत मिळू शकते. शिवाय प्रसूती आणि बालसंगोपनासाठी पूर्ण कालावधीत एकदा २४० दिवसांपर्यंत रजा. हे आवश्यक होतं, अनेकींचे प्रबंध त्यामुळे वाचले आहेत. पण हे सगळं गाडीच्या शेवटच्या डब्याला लावलेलं आहे. ओहायोत मुली उतरल्या त्या पहिल्याच स्टेशनवर. तिथल्यासारखंच इथेही घडतं का, ते तुमच्याच केंद्रातल्या फायली सांगतील. सोडून गेलेल्यांच्या तारखा काढा. ‘घरगुती कारण’ या शब्दांवर जाऊ नका, तारखेवर जा. बऱ्याचशा पहिल्या बारा-चौदा महिन्यांतल्या निघाल्या तर घराइतकंच तुमच्या इमारतीतही काहीतरी शोधावं लागेल. आणि कारण लिहून घेताना समोर तुम्ही बसलेले असता, सर. तुमच्यासमोर कुठली पोर लिहील की इथे माझ्याशी कुणी बोलत नव्हतं?

एवढं करून मुली वाढल्या तर मुलांचं काय, असं तुमच्या केंद्रात कुणी विचारेलच. त्यांना सांगा, ओल्या फडक्याची युक्ती सातव्या माणसाला सांगितल्याने बाकी सहांचे कॉलम फुटत नाहीत. (हे कळण्यासाठी त्यांना वरचं उत्तर वाचावं लागेल. अंक विकत घ्यायला सांगा.)

प्रश्न : मुलगी पीएचडी करायची म्हणते. आमच्या नात्यातली एक जण मुलांच्या घोळक्यात एकटी पडून सोडून आली. त्यापेक्षा मुलीला महिला विद्यापीठातच घालावं का? – एक वडील, नाशिक

उत्तर : घालावं म्हणजे काय, ती काय बालवाडीत चाललीय? कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं त्याला शतक उलटून गेलं, आणि तिथे तिच्या विषयाचं काम चांगलं चालत असेल तर जरूर जावं. पण केवळ धास्तीने नको. देशभरात पीएचडीला असलेल्यांत मुली आता जवळजवळ निम्म्या आहेत. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत २.१३ लाखांपैकी ०.९९ लाख. अर्थात हा आकडा सगळ्या विषयांचा मिळून, त्यामुळे तिच्या लॅबमध्ये किती ते त्यावरून कळत नाही. ते तिथेच जाऊन विचारायला हवं.

विद्यापीठाच्या पाटीपेक्षा गाईड बघा. त्यांच्याकडून गेल्या काही वर्षांत पदवी घेतलेल्या किंवा सोडून गेलेल्या एखाद्या विद्यार्थिनीचा नंबर मिळवा. सोडून गेलेली मिळाली तर उत्तम. तिला तीनच गोष्टी विचारायच्या. लॅबमधली माहिती कुठे मिळायची, पहिल्या वर्षी जेवायला बरोबर कोण असायचं, आणि संध्याकाळी सातनंतर काम करायचं झालं तर काय व्हायचं.

आणि हा फोन मुलीला करू द्या. तुम्ही शेजारी बसू नका.